वर्षारंभाचे वचन आणि परीक्षेतील अपयश

जय ख्रिस्त.

तुम्ही लिहिले आहे की, अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावातून तुम्ही राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यास आलात, आता तुमचे वय २९ आहे आणि तिसऱ्या प्रयत्नातही मुख्य परीक्षेत थोडक्या गुणांनी राहिलात. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तुम्ही जी वचनाची चिठ्ठी उचलली तिच्यावर यिर्मया २९:११ (बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील अध्याय २९, वचन ११) हे वचन होते, ते तुम्ही अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवले आणि वर्षभर रोज वाचले. गावाकडच्या मंडळीने, म्हणजे तेथील चर्चच्या लोकांनी, तुमच्यासाठी घरोघरी प्रार्थनासभा घेतल्या. निकालानंतर तुम्ही चर्चला जाणे सोडले आहे, बायबल उघडले तरी काही लागत नाही, आणि तुम्ही विचारता की, अपयशात ख्रिस्ती विश्वासातून बळ मिळते असे सगळे सांगतात, तर ते नेमके मिळते कसे, आणि मला का मिळत नाही?

मी बरीच वर्षे पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणून काम केले आहे. प्रथम खेड्यांतील मंडळ्यांमध्ये आणि नंतर पुण्यात, जिथे दर रविवारी मागच्या बाकांवर स्पर्धा परीक्षेची मुलेमुली बसलेली असत आणि निकालाच्या सुमारास त्यांतील काही दिसेनाशी होत. त्यामुळे तुमचा प्रश्न मला परका नाही. मात्र त्यात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत असे मला वाटते. पहिला, देवाने दिलेले वचन खोटे ठरले का? दुसरा, माझा विश्वास कमी पडला म्हणून हे झाले का? आणि तिसरा, आता उद्या सकाळी उठून मी काय करू? पहिल्या दोहोंचा उलगडा झाल्याशिवाय तिसऱ्याला हात घालता येत नाही, कारण ज्याला मनातून वाटते की देवाने आपल्याला फसवले किंवा टाकले, त्याला त्याच देवाकडून बळ घे असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अपयश हा एकच शब्द असला तरी माझ्यासमोर येणारी माणसे निरनिराळ्या कारणांनी आलेली असतात. कोणी मनापासून कष्ट केलेले असतात आणि जागाच थोड्या असतात. कोणी वर्ष अक्षरशः वाया घालवलेले असते आणि ते त्याला स्वतःला ठाऊक असते. कोणाच्या हातून प्रत्यक्ष पाप घडलेले असते, म्हणजे पैशांची अफरातफर किंवा विश्वासघात, आणि त्याचे अपयश हे त्या पापाचे फळ असते. पहिल्याला सांत्वन हवे, दुसऱ्याला प्रामाणिक आरसा हवा, तिसऱ्याला पश्चात्ताप आणि भरपाई हवी. तिघांना एकच वचन वाचून दाखवले तर निदान दोघांचे नुकसान होते. तुमच्या पत्रावरून तुम्ही पहिल्या प्रकारातले वाटता, परंतु मी तुमची गुणपत्रिका पाहिलेली नाही आणि तुमचा दिवस कसा जातो हेही पाहिलेले नाही, तेव्हा पुढचे सगळे त्या मर्यादेत वाचावे.

आता वचनाकडे येऊ. चिठ्ठीवर एकच वचन मावते, आणि त्यातूनच बराच घोटाळा होतो. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत’ हे शब्द यिर्मयाने यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) पाठवलेल्या एका पत्रातले आहेत. ज्यांना ते पत्र गेले ती माणसे युद्धात हरलेली होती. इ.स.पूर्व ५९७ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने त्यांचा राजा, राजमाता, दरबारी, सुतार आणि लोहार यांना यरुशलेमहून उचलून परक्या मुलखात नेले होते. त्याच काळात हनन्या नावाचा एक संदेष्टा मंदिरात उभा राहून सर्वांसमक्ष सांगत होता की, दोन वर्षांच्या आत देव सगळे परत आणील. बाबेलच्या सत्तेखाली राहावे लागेल याची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर जे लाकडी जू होते तेही त्याने काढून मोडले. लोकांना किती बरे वाटले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. यिर्मयाने आधी ‘आमेन, परमेश्वर असेच करो’ म्हटले, कारण त्यालाही तेच हवे होते, पण तो संदेश देवाचा नव्हता.

देवाचा संदेश पत्रात आला, आणि तो असा होता की घरे बांधा व त्यांत राहा, बागा लावा व त्यांची फळे खा, लग्ने करा, मुलेबाळे होऊ द्या, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, आणि परत येण्यास सत्तर वर्षे लागतील. तुमच्या चिठ्ठीवरचे वचन अकरावे, आणि ही सत्तर वर्षे दहाव्या वचनात आहेत. म्हणजे पत्र वाचणाऱ्या पिढीतील बहुतेकांनी यरुशलेम पुन्हा पाहिले नसणार, आणि तरीही देव त्यांना म्हणतो की माझे संकल्प तुमच्या हिताचे आहेत. हे वचन यशाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांना दिलेले नाही, सर्वस्व हरलेल्यांना दिलेले आहे. त्यामुळे ते तुमच्या निकालाच्या दिवशी खोटे ठरले असे मला म्हणता येत नाही. उलट ते वचन खऱ्या अर्थाने तुमचे झाले ते त्या दिवशी. चिठ्ठी भिंतीवरून काढण्याची गरज नाही, फक्त तिच्या शेजारी त्याच अध्यायातील पाचवे, सहावे आणि सातवे वचन लिहून लावा.

चिठ्ठी उचलण्याच्या प्रथेविषयी माझे मत विचारले नाही, तरी सांगतो. वर्षाच्या पहिल्या क्षणी देवाचे वचन हातात घेऊन घरी जाणे ही सुंदर गोष्ट आहे आणि ती बंद करावी असे मी म्हणणार नाही. मात्र त्या चिठ्ठीतून आपल्या निकालाचे भाकीत काढणे हा पवित्र शास्त्राचा वापर नव्हे, आणि पाळकांनी हे त्याच रात्री, चिठ्ठ्यांची थाळी फिरवण्याआधी, स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

दुसरा प्रश्न अधिक दुखरा आहे. तुम्ही लिहिता की, कोणी तोंडावर म्हटले नाही, पण ‘विश्वासाने मागितले तर मिळतेच’ हे वाक्य दोघातिघांनी ऐकवले. असे वाक्य बोलणाऱ्याला ते धीराचे वाटते आणि ऐकणाऱ्याला ते आरोपपत्र वाटते. या आरोपाला उत्तर म्हणून मी नेहमी गेथशेमाने बागेकडे बोट दाखवतो. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभू येशूने तेथे रक्तासारखा घाम गाळून प्रार्थना केली की, हा प्याला (म्हणजे समोर आलेले दुःख) माझ्यापासून दूर कर, आणि प्याला दूर झाला नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. त्याला मिळालेले उत्तर तुम्हांला पाठ असेल: ‘माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते.’ मागितलेले न मिळणे हा जर अविश्वासाचा पुरावा असेल, तर तो पुरावा प्रथम ख्रिस्ताविरुद्ध आणि मग पौलाविरुद्ध लागू होईल, आणि असे कोणताही ख्रिस्ती मनुष्य म्हणणार नाही.

जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी विचारले होते की, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? प्रभूने दोन्ही नाकारले. आपल्याकडे मात्र बाप्तिस्मा होऊन पिढ्या लोटल्या तरी हा हिशेब मनातून जात नाही. घरात काही विपरीत झाले की कोणाचे काय चुकले याचा शोध सुरू होतो, आणि शोध घेणारी माणसे प्रेमळच असतात.

आणखी एक साधी बाब. परीक्षेतील पदांची संख्या ठरलेली असते. तुमच्यासाठी एका गावात प्रार्थना चालू होती त्याच वेळी दुसऱ्या कोणासाठी दुसऱ्या गावात, दुसऱ्या देवळात, दुसऱ्या मशिदीत चालू होती. देवाने गुणवत्ता यादी प्रार्थनांच्या वजनावर लावावी अशी अपेक्षा आपण शांतपणे विचार केल्यास करणार नाही, कारण तशा देवाला न्यायी म्हणता येणार नाही. म्हणून परीक्षार्थींसोबत प्रार्थना करताना मी निवड मागत नसे. मी मागत असे की, याने जे वाचले आहे ते याला आठवो, याचे मन स्थिर राहो, याने कोणताही वाकडा मार्ग धरू नये, आणि निकाल काहीही लागला तरी हा तुझाच राहो. यांतील शेवटची विनंती तुमच्या बाबतीत अजून चालू आहे. देवावर रागावून का होईना, तुम्ही त्याच्याविषयीच विचारता आहात.

आता बळाविषयी. माझ्या अनुभवात ते एखाद्या सभेत एकदम अंगात येत नाही. क्वचित येते, आणि ज्याला तसे आले त्याने आभार मानावेत, परंतु बहुतेकांना ते क्रमाने आणि अगदी साध्या वाटांनी मिळते. हा क्रम मला बायबलमधील १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात सापडला. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा त्यानंतर लगेच ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, ‘आता पुरे झाले, हे परमेश्वरा, माझा अंत कर.’ देवाने त्याला या वाक्याबद्दल रागावले नाही आणि उपदेशही केला नाही. तो झोपला. देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून पुन्हा खायला घातले, कारण वाट लांबची होती. यानंतर कितीतरी दिवसांनी होरेब डोंगरावर देवाने त्याला विचारले, ‘एलीया, तू येथे काय करतोस?’ त्याने मनातली सगळी तक्रार बोलून दाखवली. मग त्याला पुढचे काम मिळाले, अलीशा हा सोबती मिळाला, आणि आपण एकटेच उरलो ही त्याची समजूत चुकीची आहे, इस्राएलात सात हजार शिल्लक आहेत, हेही कळले. अन्न आणि झोप आधी, गाऱ्हाणे नंतर, काम व सोबत त्याच्याही नंतर. आपण मंडळीत बहुधा हे उलट करतो.

म्हणून मी तुम्हांला पहिली गोष्ट विचारतो ती ही की, तुम्ही जेवता काय आणि झोपता किती? पेठांतील कॉट बेसिसच्या खोल्या मी पाहिल्या आहेत. एका वेळचा मेसचा डबा दोन वेळा पुरवणे, चहावर संध्याकाळ काढणे, अभ्यासिकेतून मध्यरात्रीनंतर परतणे आणि अपराध्यासारखे पहाटे पुन्हा उठणे, हे वर्षानुवर्षे चालले की शरीर खचते, आणि खचलेल्या शरीराला प्रार्थना कोरडी लागते. तुम्ही विचारले आहे की, निकालासाठी ठेवलेले शुक्रवारचे उपास पुढे चालू ठेवावेत का. सध्या ठेवू नयेत. उपास हे सशक्ताचे अर्पण आहे, आणि भाकर पुढे करणारा देवदूत हाही देवाकडूनच आला होता. शक्य असल्यास दोनतीन आठवडे गावी जा आणि घरचे जेवा. झोप मुळीच लागत नसेल, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे आठवड्यांमागून आठवडे चालू असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगू नये असा विचार एकदाही मनात आला असेल, तर आजच कोणाला तरी सांगा. शासनाची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. औषध घेणे हा विश्वासाचा अभाव आहे असे जर कोणी सांगितले, तर त्याला सांगा की पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता.

दुसरी वाट गाऱ्हाण्याची. तुम्ही म्हणता की प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत. माझा समज असा आहे की शब्द सुचतात, पण ते देवासमोर बोलण्याजोगे नाहीत असे तुम्हांला वाटते. आपल्या उपासनेत स्तुतीची गीते भरपूर असतात आणि साक्षीच्या वेळी उठून बोलतो तो नोकरी लागलेला, आजारातून उठलेला, निवड झालेला मनुष्य. ज्याचे काही झाले नाही त्याने कुठे बोलावे? स्तोत्रसंहितेत मात्र त्याच्यासाठी पुष्कळ जागा राखलेली आहे. तेरावे स्तोत्र काढा. ‘हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार? सर्वकाळ काय?’ अशी त्याची सुरुवात आहे, आणि ते अवघ्या सहा वचनांचे आहे. मी लोकांना ते मोठ्याने वाचायला सांगतो आणि दुसऱ्या वचनानंतर थांबून स्वतःची वाक्ये घालायला सांगतो. एका मुलीने तेथे थांबून फक्त इतकेच म्हटले होते की, माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले आहे आणि पाहुण्यांना मी काय करते ते सांगायला घरच्यांकडे काही नाही. ती त्या दिवशी पुढचे वाचू शकली नाही, आणि त्याची गरजही नव्हती. तेराव्या स्तोत्राचा शेवट आशेचा आहे. अठ्ठ्याऐंशीव्याचा तोही नाही, ते अंधारातच संपते, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुमचा शेवट अजून आशेचा होत नसेल तर जबरदस्तीने करू नका, अठ्ठ्याऐंशीवे वाचा.

तिसरी वाट कठीण आहे, आणि माझ्या मते ख्रिस्ती विश्वासाचे खरे बळ येथे कळून येते. ती म्हणजे गुणपत्रिका समोर ठेवून बसणे. निकाल लागल्यापासून तुम्ही विषयवार गुण एकदा तरी नीट पाहिले आहेत का? बहुतेक जण पाहत नाहीत, कारण त्या आकड्यांत आपल्या संपूर्ण किमतीचा निवाडा आहे अशी धास्ती असते. पौल रोमकरांस लिहितो की, जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. याचा अर्थ तुमच्याविषयीचा निवाडा झालेला आहे, तो क्रुसावर झालेला आहे आणि तो तुमच्या बाजूने आहे. तेव्हा गुणपत्रिकेकडे फक्त गुणपत्रिका म्हणून पाहण्याची मोकळीक तुम्हांला आहे. कोणत्या विषयात गुण गेले, लेखनाचा सराव कमी पडला का, वेळ पुरला नाही का, एखादा विषय भीतीपोटी टाळला का, हे एखाद्या जाणकाराच्या शेजारी बसून पाहा. ज्याला आपली किंमत निकालावर टांगलेली वाटते तो हे करू शकत नाही. तो एक तर सगळा दोष आयोगावर टाकतो किंवा सगळा स्वतःवर ओढून घेतो, आणि दोन्ही प्रकारे तपशील पाहायचा राहून जातो.

प्रभूचा शिष्य पेत्र याची गोष्ट याच जागी उपयोगी पडते. त्याने तीनदा प्रभूला नाकारले, तेही कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभूने पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवला, त्यावर मासळी ठेवली, शिष्यांना न्याहारी दिली, आणि मग पेत्राला तीनदा विचारले, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ तिसऱ्यांदा पेत्र दुःखी झाला. प्रभूने ती जखम झाकून ठेवली नाही, पण ती उघडण्याआधी त्याला जेवू घातले, आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवले. तुमचे अपयश पेत्रासारखे नाही, त्याच्या नाकारण्यात पाप होते. तरीही सत्य पाहण्याची ही रीत तुम्हांलाही लागू आहे.

येथे मला आपल्याच मातीतील एका स्त्रीचे नाव घ्यायचे आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. १८९३ मध्ये तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत असा वाद पेटला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली घरी नेल्या. त्या पालकांची काळजी त्यांच्या जागी खरी होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु रमाबाईंच्या बाजूने पाहिले तर उभे केलेले काम डोळ्यांदेखत रिकामे होत होते. त्यानंतर १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्तिसदन वसले. गोष्ट येथे संपवली असती तर ती सोपी झाली असती: आधी अपयश, मग त्याहून मोठे यश. पण ती येथे संपत नाही. ज्या मनोरमेच्या हाती हे सगळे सोपवायचे ती एकुलती एक मुलगी १९२१ मध्ये वारली. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम करत होत्या. त्यांनी ते सोडले नाही, तडीस नेले, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. मुलीच्या मृत्यूची कोणतीही भरपाई त्यांना मिळाली नाही. बळ म्हणतात ते मला या शेवटच्या महिन्यांत दिसते, केडगावच्या मोठ्या इमारतींपेक्षा कितीतरी अधिक.

चौथी वाट सोबतीची. तुम्ही चर्चला जात नाही, कारण दाराशी हस्तांदोलन करताना प्रत्येक जण ‘निकालाचे काय झाले?’ असे विचारतो. हा त्रास खरा आहे, आणि हे वाचणाऱ्या मंडळीतील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की, ज्या मुलाने स्वतःहून सांगितले नाही त्याला दारात निकाल विचारू नका. त्याला जेवायला बोलवा. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र पुढे पुष्कळ चुकीचे बोलले, पण पहिले सात दिवस ते त्याच्याशेजारी काही न बोलता बसले होते, तेवढे तरी आपल्याला जमावे. तुम्हांला माझी सूचना अशी की, एक वाक्य तयार ठेवा: ‘या वेळी झाले नाही, पुढचे अजून ठरवले नाही, प्रार्थनेत आठवण ठेवा.’ हे वाक्य खरे आहे, पुरे आहे, आणि त्यानंतर सहसा कोणी खोदून विचारत नाही. पहिल्या रविवारी आपल्या पाळकांना आधी फोन करून सांगा की मी येतो आहे. प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) रविवारी गेलात तर अधिक चांगले, कारण तेथे कोणालाही काही सिद्ध करून दाखवावे लागत नाही, रिकामे हात पुढे करावे लागतात.

आणि एक बर्णबा शोधा. मार्क हा तरुण पौल व बर्णबा यांच्याबरोबर सेवेला निघाला आणि पंफुल्यातून अर्ध्या वाटेवर परत गेला. पुढच्या फेरीत त्याला घ्यायचे नाही यावर पौल इतका ठाम होता की त्या दोघांत तीव्र मतभेद होऊन ते वेगळे झाले. बर्णबाने मार्काला घेऊन कुप्र बेटाची वाट धरली. पुष्कळ वर्षांनी तुरुंगातून पौल तीमथ्याला लिहितो की, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबाने काय केले ते शास्त्रात लिहिलेले नाही, पण त्याने त्याला सोडले नाही एवढे नक्की. तुमचा बर्णबा पाळकच असला पाहिजे असे नाही. एखादे निवृत्त शिक्षक, मोठी चुलत बहीण, तरुण संघातील जुना मित्र, कोणीही चालेल. मात्र तो असा हवा की ज्याला तुमच्या निवडीत स्वतःची प्रतिष्ठा गुंतवायची नाही.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, चौथा प्रयत्न करावा की नाही. हे मी ठरवू शकत नाही, आणि चिठ्ठी टाकून किंवा बायबल कोठेही उघडून तुम्हीही ठरवू नये. तुम्ही फिलिप्पैकरांस पत्रातील ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे वचन लिहून विचारले आहे की, यावर विश्वास असेल तर माघार कशी घ्यावी? त्याच्या आधीचे वचन वाचा. पौल तेथे म्हणतो की, तृप्त असणे आणि उपाशी असणे, विपुलता आणि टंचाई, या दोहोंचे रहस्य मला शिकवण्यात आले आहे. हे तो बंदिवासातून लिहितो. ‘सर्वकाही’मध्ये टंचाईत टिकून राहणेही आले, आणि एक वाट सोडून दुसरी धरणेही आले. त्याला स्वतःला बिथुनियात जायचे होते, आत्म्याने जाऊ दिले नाही, तो त्रोवसला उतरला आणि तेथून मासेदोनियाला गेला. करिंथात त्याने तंबू शिवण्याचे काम करून पोट भरले. यांपैकी कशालाही तो पराभव म्हणत नाही.

निर्णयासाठी ज्या गोष्टी लागतात त्या साध्या आहेत. वयोमर्यादेत खरोखर किती संधी उरल्या आहेत, घरून पैसे आणखी किती काळ येऊ शकतात आणि त्यासाठी घरात काय विकले किंवा थांबवले जात आहे, गुणपत्रिकेवरून दिसणारी उणीव एका वर्षात भरून निघण्यासारखी आहे का, आणि तुम्हांला ते काम हवे आहे की केवळ ते पद हवे आहे. यांची उत्तरे कागदावर लिहा आणि वडिलांसमोर बसून वाचा. तुम्ही लिहिता की त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली आहे. तर मग हा निर्णय त्यांच्या पाठीमागे घेण्याचा नाही. पुन्हा बसायचे ठरले तर हा प्रयत्न शेवटचा की नाही हे आधीच ठरवा, आणि शक्य तर सोबत अर्धवेळ काही काम धरा, जेणेकरून महिन्याच्या शेवटी हातात स्वतःचे चार पैसे राहतील आणि दिवसभरात अभ्यासिकेबाहेरच्या माणसांशी बोलणे होईल. न बसायचे ठरले तर तसे मंडळीला स्वतः सांगा, आणि ज्यांनी तुमच्यासाठी प्रार्थना केल्या त्यांना नव्या कामासाठी प्रार्थना करायला सांगा. पहिल्या प्रार्थना वाया गेल्या असे त्यांनाही वाटत असेल, आणि तसे झालेले नाही, हे त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायला हवे.

हे सगळे निकालाच्या पहिल्या महिन्यात ठरवू नका. आधी गावी जाऊन या. परत आल्यावर गुणपत्रिका घेऊन बसाल तेव्हा काही अडले तर पुन्हा लिहा, आणि विषयवार गुणही कळवा, म्हणजे परीक्षेच्या बाजूने मदत करू शकेल अशा कोणाशी तुमची गाठ घालून देता येते का ते पाहीन.